फारकतीचा हिशेब

पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचा.

आपल्या मोहाडी तालुक्यात 'घटस्फोट' हा शब्द वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू येतो. गावात चालतो तो शब्द फारकत. कोणी काडीमोड म्हणतं, कागदावर सोडचिठ्ठी लिहितात, पण फारकत म्हटलं की सगळ्यांना कळतं. गंमत अशी की हा शब्द मुळात लग्नाचा नाहीच. जुन्या व्यवहारात फारखत म्हणजे देणं-घेणं मिटल्याचा लेख. कुळानं कर्ज फेडलं की सावकार लिहून द्यायचा, आता तुझ्याकडे माझं काही निघत नाही. तोच शब्द आपण नवरा-बायकोच्या वेगळं होण्याला लावला. म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी देणं लागत होतं आणि ते फिटलं, असं आपल्या पूर्वजांना वाटत असणार. प्रश्न एवढाच की देणं कोणाकडे निघत होतं.

गेल्या काही वर्षांत असे दहा-बारा कागद माझ्या नजरेखालून गेले. लोक 'वाचून सांगा' म्हणून घेऊन येतात. मजकूर जवळपास एकच. उभयतांचे पटत नाही, स्वखुशीने वेगळे होत आहोत, यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही. आणि शेवटी ती ओळ असतेच: पत्नी पोटगी अथवा मालमत्तेत हिस्सा मागणार नाही. खाली सह्या, अंगठे, दोन्हीकडचे दोन-दोन साक्षीदार. आधी हे शंभराच्या स्टॅम्पवर व्हायचं, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. बाकी फरक नाही. मी विचारलं तेव्हा बहुतेक वेळा असं निघालं की स्टॅम्पचे पैसेसुद्धा पोरीच्या बापानं दिले.

दुसरीकडे मोबाइलवर काय चाललंय ते तुम्ही पाहताच. अमक्या क्रिकेटपटूच्या घटस्फोटात इतके कोटी, तमक्या नटाच्या घटस्फोटात तितके कोटी, आणि खाली आपल्याच गावच्या पोरांच्या कमेंटी की बायकांनी धंदा मांडला. ज्याच्या घरी दोन एकर धान आणि एक म्हैस आहे तोही कोटींच्या हिशेबानं बोलतो. म्हणून म्हटलं, हा हिशेब एकदा मागून पुढे मांडून पाहू.

सुरुवात जातपंचायतीपासून करावी लागेल. शास्त्रात लग्न तुटत नाही, असं आपण शाळेत ऐकलं. पण ते सगळ्यांचं नव्हतं. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार खंड १९१६ मध्ये निघाले. त्यात एकामागून एक जातींच्या नोंदी वाचा. बाईला नवरा सोडता येतो, पाट लावता येतो, असं कितीतरी जातींबद्दल लिहिलेलं आहे. शेती करणारे, माग चालवणारे, मासे धरणारे, म्हणजे आपल्याकडची बहुतेक वस्ती. या बाबतीत आपल्या आज्या-पणज्या पुण्या-मुंबईच्या वरच्या जातीतल्या बायकांपेक्षा मोकळ्या होत्या, हे मी अभिमानानं सांगतो. पटलं नाही तर माहेरी यायचं, पुढे दुसरं घर करायचं. तोंड लपवून बसायचं कारण नव्हतं.

पण त्याच नोंदींत पैशाची ओळ पुन्हा पुन्हा येते. बाई दुसऱ्या घरी गेली की दुसऱ्या नवऱ्यानं पहिल्याला त्याच्या लग्नाचा खर्च भरून द्यायचा. पंचांना दंड, जातीला जेवण. बाईनं त्या घरात किती वर्षं रोवणी केली, किती दळलं-कांडलं, किती लेकरं वाढवली, त्याचा आकडा कुठेच नाही. हिशेब झाला तो नवऱ्याच्या खर्चाचा. फारखत हा शब्द इथं चपखल बसतो. कर्जदार बाई होती. सुटायचं तर तिच्यासाठी कोणीतरी मोजायचं.

आपल्याकडच्या पंचायतींनी लिहून ठेवलेलं फारसं काही माझ्या हाती लागलेलं नाही, सगळं तोंडी. मुंबईकडचं कोर्टात गेलं म्हणून छापलं गेलं. १८७६ मध्ये मुंबई हायकोर्टानं शंभू रघू नावाच्या माणसाच्या खटल्यात सांगितलं की लग्न मोडल्याचं जाहीर करण्याचा किंवा बाईला दुसरं लग्न करायची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्ट मानत नाही. जातीनं परवानगी दिली होती, आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला, हा बचावही चालला नाही. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात, नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टाखाली. मुंबईचा निकाल इथं बांधील नव्हता. तरी इंग्रजी कोर्टाची नजर कशी होती ते यातून दिसतं. पंचायतीचा दंड त्यांना खटकला, आणि त्यासोबत बाईची सुटकाही अडली.

मग रखमाबाईंचा खटला. डॉक्टर रखमाबाई म्हणून नाव सगळ्यांनी ऐकलंय, सिनेमाही आला. अकराव्या वर्षी लग्न झालं, नांदायला जायला त्यांनी नकार दिला, दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. अपील झालं, प्रकरण परत आलं, आणि मार्च १८८७ मध्ये आदेश निघाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. हे सगळं आपल्याला माहीत असतं. शेवट मात्र कोणी सांगत नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली आणि दादाजींना दोन हजार रुपये मिळाले. बाईनं नवऱ्याला दिले. ज्या घरात ती एक दिवस नांदली नाही त्या घरापासून सुटायला दोन हजार, १८८८ सालचे. वडिलांची मालमत्ता रखमाबाईंच्या नावे होती, म्हणून हे जमलं. जिच्या नावे काही नव्हतं तिनं काय केलं असेल, त्याचा खटला छापला गेला नाही.

मुंबईच्या हायकोर्टात जे झालं तेच आपल्या पंचायतीत होत होतं, फक्त इंग्रजीतून नाही.

पोटगीचा कायदा मग आला कुठून? तर फौजदारीतून. लग्नाच्या कायद्यातून नाही, हे ध्यानात ठेवा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८८ वं कलम होतं. टाकलेली बायको रस्त्यावर येऊ नये, भीक मागत फिरू नये, म्हणून मॅजिस्ट्रेटनं नवऱ्याला महिन्याचे पैसे द्यायला लावायचे. कमाल मर्यादा पन्नास रुपये. सरकारला काळजी बाईची कमी आणि बंदोबस्ताची जास्त होती. पण त्या कलमानं एक मोठी गोष्ट केली. पहिल्यांदा देणं नवऱ्याकडे निघालं.

आपल्या भाषेनं त्याला शब्दही अचूक शोधला: पोटगी. पोटापुरतं. शब्दातच मर्यादा लिहिलेली आहे. तुझं पोट भरेल एवढं देऊ, घराचं, शेताचं नाव काढू नको.

पन्नासाचे १९२३ मध्ये शंभर झाले, १९५५ मध्ये पाचशे. शिवाय ४८८ कलम फक्त 'बायको'साठी होतं. फारकत झाली की ती बायको राहत नाही, मग पोटगीही नाही. म्हणजे पोटगी टाळायची असेल तर नवऱ्याला सोपी वाट होती. घटस्फोट झालेल्या बाईला या फौजदारी कलमात जागा मिळाली ती नव्या संहितेत, १९७४ च्या एप्रिलपासून. १२५ कलम म्हणतो ते हेच. आता १ जुलै २०२४ पासून त्याचा नंबर १४४ झालाय, पण कोर्टाच्या आवारात अजून सगळे 'एकशे पंचवीस'च म्हणतात.

आता थोडं आपल्या जिल्ह्याचं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे आपल्या पोरांना कोणी शिकवत नाही.

१९५४ चा उन्हाळा. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात, गोंदिया आपल्याच जिल्ह्यात. भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लागली होती. ती का लागली तेही ऐकण्यासारखं आहे. १९५२ ला काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले होते. ते ज्या बिडी कंपनीत भागीदार होते तिचा सैनिकांच्या कॅन्टीनसाठी बिड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारशी असा व्यवहार असलेल्याला उमेदवारी करता येत नाही, म्हणून सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी १९५४ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. बिड्या वळल्या आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी, आणि त्या बिड्यांवरून खासदारकी गेली.

त्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. मेहता निवडून आले, बाबासाहेब हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले.

हे उभे राहणारे बाबासाहेब कोण होते? अडीच वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९५१ मध्ये, केंद्रातल्या कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिलेले. राजीनाम्याची कारणं अनेक होती, त्यातलं एक मोठं कारण हिंदू कोड बिल. बाईला घटस्फोट, पोटगी, वारसाहक्क, स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी, हे सगळं त्या बिलात होतं. संसदेत त्याचा असा खोळंबा झाला की चार कलमांपुढे गाडी गेली नाही. विरोध करणारे म्हणत, घटस्फोट आला तर हिंदू कुटुंब मोडेल. बाबासाहेबांचं उत्तर असं की ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता, आणि हिंदूंत बहुसंख्य तेच आहेत, त्यांच्यात घटस्फोट रूढीनं पहिल्यापासून आहे. त्यांची कुटुंबं कुठे मोडली? मूठभरांचा नियम सगळ्यांवर का लादता?

म्हणजे ते आपल्याबद्दल बोलत होते. भंडाऱ्याच्या फारकतीबद्दल. आपल्या आज्यांच्या पाटाबद्दल. संसदेत आपली रूढी साक्षीला काढणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात मतं मागायला आला आणि आपण त्याला परत पाठवलं. प्रचारात बोललं गेलं ते जास्त करून नेहरूंच्या कारभारावर आणि परराष्ट्र धोरणावर. त्यामुळे भंडाऱ्यानं बायकांच्या हक्काविरुद्ध मत दिलं असं मी म्हणणार नाही, तो खोटेपणा होईल. पण मतदारयादीत बायांची नावं होती, आणि त्यांना या गोष्टी कोणी सांगितल्या असतील असं वाटत नाही.

बरोबर वर्षभरानं, १८ मे १९५५ ला, हिंदू विवाह कायदा झाला. बिलाचे तुकडे करून नेहरूंनी एकेक मंजूर करून घेतला. मुंबई प्रांतातल्या हिंदू बाईला १९४७ पासूनच प्रांताच्या वेगळ्या कायद्यानं कोर्टातून घटस्फोट मिळत होता. आपण मध्य प्रांतातले, आपल्याला १९५५ पर्यंत थांबावं लागलं. तोवर पंचायत.

या कायद्यात आपल्या कामाची चार कलमं. २४: केस चालू असतानाचा खर्च. २५: कायमची पोटगी, एकरकमी किंवा महिन्यानं, आणि ती निकालानंतरही मागता येते. ही दोन्ही कलमं नवऱ्यालाही लागू आहेत, कमावती बायको असेल तर नवरा मागू शकतो. कमेंट करणाऱ्या पोरांनी हे लिहून ठेवावं. २९ चं दुसरं पोटकलम रूढीची फारकत शाबूत ठेवतं. आणि २७ वं कलम मालमत्तेचं. लग्नात किंवा लग्नाच्या आसपास दोघांना मिळून जे दिलं गेलं त्याबद्दल कोर्ट निर्णय करू शकतं.

म्हणजे आंदण. कपाट, पलंग, भांडी, कूलर.

लग्नानंतर बारा वर्षांनी खोदलेली विहीर त्यात नाही. दोघांनी विटा पाडून बांधलेलं घर त्यात नाही. बायकोच्या बिड्यांच्या पैशातून फेडलेलं सोसायटीचं कर्ज त्यात नाही. जे ज्याच्या नावे ते त्याचं, असा आपला कायदा आहे, आणि नाव कोणाचं असतं ते तुम्ही तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर बघा. बाईचं स्त्रीधन तिचंच, तो हक्क पक्का आहे. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की सासरी ठेवलेलं स्त्रीधन ही नवऱ्याकडची अमानत आहे आणि ते गिळलं तर फौजदारी होते. पण ते सोन्याचं आणि भेटीचं झालं. संसारात जे वाढलं त्याचं काय?

इथं एक विचित्र गोष्ट आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानं विधवेला पहिल्या वर्गात वारस केलं, मुलाच्या बरोबरीनं. आजही तसंच आहे. तिचाच नवरा जिवंत असताना वेगळा झाला तर जमिनीत ती शून्य. नवरा मेला तर वाटा, नवऱ्यानं सोडलं तर पोटगी. बाईनं केलेलं काम दोन्ही ठिकाणी तेच असतं. मला यात न्याय दिसत नाही.

स्टॅम्पवरच्या सोडचिठ्ठीकडे परत येतो, कारण धोका तिथं आहे. लोकांना वाटतं २९ कलमानं रूढी मानली म्हणजे नोटरीसमोर कागद केला की झालं. तसं नाही. आपल्या जातीत अशी फारकत पूर्वापार चालत आली आहे हे कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. नुसता कागद पुरत नाही, सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये हेच सांगितलं. (अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदाच लागू नाही, त्यांची रूढी हाच त्यांचा कायदा, तो विषय वेगळा.) रूढी सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न अजून उभंच आहे. मग त्या माणसानं केलेलं दुसरं लग्न रद्द, आणि दुसरी बाई कायद्यानं 'बायको' नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं अशा दुसऱ्या बाईला १२५ ची पोटगी नाकारली. वर्षानुवर्षं तो निकाल टाकलेल्या बायांच्या तोंडावर मारला गेला. २०१३ मध्ये त्याला पहिली मोठी खीळ बसली: पहिलं लग्न लपवून फसवणाऱ्यानं नंतर 'लग्नच झालं नव्हतं' म्हणायचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न रद्द ठरलं तरी २५ कलमाखाली पोटगी मागता येते, द्यायची की नाही ते कोर्ट परिस्थिती पाहून ठरवेल. त्याच निकालात मुंबई हायकोर्टानं पूर्वी अशा बायकांसाठी वापरलेल्या 'अनौरस पत्नी' अशा अर्थाच्या शब्दांवर ताशेरे आहेत. मला तो परिच्छेद वाचून बरं वाटलं.

'पोटगी मागणार नाही' ही ओळ? तिला लोक दगडावरची रेघ समजतात. २०१३ च्याच एका निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की पोटगीचा हक्क कायमचा सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. म्हणून सही झाली तरी दार आपोआप बंद होत नाही. मात्र कोर्टासमोर, वकील घेऊन, रक्कम ठरवून केलेली तडजोड वेगळी आणि दुकानातला कागद वेगळा. ज्यांनी अशी सही केली आहे त्यांनी हताश होऊ नये, कागद घेऊन वकिलाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावं. महिलांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

रकमेचं सांगतो. १९५५ चे पाचशे रुपये २००१ पर्यंत पाचशेच राहिले केंद्राच्या कायद्यात. शेहेचाळीस वर्षं. धान कुठून कुठे गेलं, मजुरी कुठून कुठे गेली. शाहबानोंच्या गाजलेल्या खटल्यात खालच्या कोर्टानं ठरवलेली रक्कम पंचवीस रुपये होती, हायकोर्टानं ती वाढवून १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्याशा रकमेवर देश पेटला होता. मर्यादा उठली सप्टेंबर २००१ मध्ये. आणि मुस्लिम बहिणींना सांगा, जुलै २०२४ च्या निकालानं १२५ चं दार त्यांनाही उघडं असल्याचं पुन्हा पक्कं केलं.

मर्यादा उठली तरी नवऱ्याची कमाई किती हे कोण सांगणार? इथं आपल्या नागपूरचं नाव येतं. २०१३ पासून नागपूरच्या कुटुंब न्यायालयात आलेलं एक प्रकरण: बायकोला महिना पंधरा हजार, मुलाला आधी पाच आणि नंतर दहा हजार असा आदेश. नवरा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात हरला, सुप्रीम कोर्टात गेला. ४ नोव्हेंबर २०२० ला त्यावर जो निकाल लागला तो आज देशातल्या प्रत्येक पोटगीच्या केसमध्ये लागतो. दोन्ही बाजूंनी आपली कमाई, जमीन, कर्ज, बँक खातं, सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं. आणि पोटगी निकालाच्या तारखेपासून नाही, अर्ज केल्याच्या तारखेपासून. तारखा वाढवत नेण्यातला फायदा त्यानं कमी झाला.

नवऱ्यांच्या बाजूचंही बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. रोजंदारीवरच्या माणसावर थकबाकी चढते, वॉरंट निघतं, तो महिनाभर आत जातो, मजुरी बुडते, बायकोला तरीही छदाम मिळत नाही. असे लोक मी पाहिलेत. महिन्याच्या पोटगीची हीच गोम आहे. ती माणसाच्या पुढच्या कमाईवर बसते, आणि आपल्याकडे पुढच्या कमाईचा भरवसा पावसावर. जे दोघांनी मिळून आधीच उभं केलंय त्यात वाटा दिला असता तर दर महिन्याला कोर्टाची पायरी चढायची गरज दोघांनाही कमी पडली असती.

हे कुठे होतं का? गोव्यात होतं. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा तिथं मुक्तीनंतरही चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, प्रत्येकाचा अर्धा वाटा, वेगळे झाले तर निम्मं-निम्मं. घर विकायचं तर दोघांची सही. त्या कायद्यात मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे दिला होता, तेव्हा सगळं गोड होतं असं नाही. पण अर्धा म्हणजे अर्धा. गोव्याची हद्द ओलांडली की बाईचा हिस्सा संपतो, आणि दोन्हीकडे भाषा मात्र एकच.

दिल्लीनं एकदा प्रयत्न केला. २०१० च्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा द्यायची तरतूद आली. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेनं ते मंजूर केलं. २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. त्यानंतर कोणत्याच पक्षानं त्याचं नाव काढलेलं माझ्या ऐकण्यात नाही. निवडणुकीत आपल्याकडे सभा घेणाऱ्यांना विचारून पाहा.

महाराष्ट्रात मात्र कायद्याच्या आधी शेतकरी पुढे गेला होता. संगमनेरला १९८८ मध्ये निशा शिवूरकर आणि समता आंदोलनानं परित्यक्तांची परिषद भरवली, तो आवाज टाकलेल्या बायकांचा होता. त्याच काळात शेतकरी संघटनेचे शरद जोशी पुरुषांना म्हणू लागले, तुम्ही सरकारकडे कर्जमुक्ती मागता, घरातल्या लक्ष्मीचं कर्ज तुमच्यावर आहे ते आधी फेडा. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनातून आलेला तो विचार. कार्यक्रमाचं नाव लक्ष्मीमुक्ती. जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि ज्या गावात शंभर शेतकरी करतील तिथं जोशी स्वतः जायचे. पहिलं गाव जळगाव जिल्ह्यातलं विटनेर. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरीला सीतेचं मंदिर आहे, रामाशिवाय एकट्या सीतेचं. जोशींनी तिकडे लक्ष वेधलं, जीर्णोद्धार करवला. टाकलेल्या बाईचं देऊळ आपल्या विदर्भात आहे, हे किती जणांना ठाऊक?

१९९२ मध्ये सरकारनं परिपत्रक काढलं की नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं. ते आजही तलाठ्याकडे चालतं. पण त्याची खोच अशी की सातबारा हा महसुलाचा कागद. मालकीचं भांडण झालं तर दिवाणी कोर्ट नोंदणी झालेला दस्त मागतं. शिवाय अर्ज करायचा तो नवऱ्यानं. ज्याचं बायकोशी पटतं तोच करणार.

आता मोहाडीपुरतं. रोवणीला पऱ्हे खणण्यापासून बांधीत दिवसभर वाकून उभी राहते ती बाई. धानाचा बोनस जमा होतो सातबाऱ्यावरच्या नावाला. पीएम किसानचे सहा हजारही त्यालाच. कोसा विणणाऱ्या घरांत माग नवऱ्याचा, कांड्या भरणं बायकोचं, आणि मजुरी मागावर बसणाऱ्याच्या नावे लागते. बिडी वळणाऱ्या बायांकडे तेवढं स्वतःच्या नावाचं पीएफचं खातं असतं. फारकतीचं बोलणं चालू झालं की मी आधी हेच विचारतो: तुझ्या नावाचा कागद कोणता? रेशनकार्ड, पीएफ, बचतगटाचं पासबुक, घरकुलाचा मंजुरी आदेश, विहिरीच्या कर्जाला जामीन म्हणून केलेली सही, माहेरानं दिलेल्या पैशाची पावती. हे सगळं झेरॉक्स करून माहेरी ठेवायचं आणि मग बोलणीला बसायचं. पंचांसमोर रडून काही मिळत नाही, कागदावर थोडं तरी मिळतं.

आणि एक विनंती. आपल्याकडच्या फारकती तोंडी झाल्या असं मी वर म्हटलं, पण एखाद्या घरी, आजोबांच्या पेटीत, सातबाऱ्याच्या जुन्या गठ्ठ्यात असा कागद असू शकतो. मोडीत असेल, दोन आण्याच्या स्टॅम्पवर असेल, कोणी कोणाला किती रुपये दिले ते लिहिलेलं असेल. असा कागद सापडला तर नावं बोटानं झाका, फोटो काढा आणि मला मेसेज करा. मोडी वाचणारे दोघे जण ओळखीचे आहेत. आकडा तेवढा वाचून घ्यायचाय, आणि तो कोणी भरला ते.